चिंचोक्यांनी मोजलेली १९४६ ची निवडणूक

मुंबई प्रांताच्या १९४६ च्या विधानसभा निवडणुकीचे निकाल आम्ही तक्त्यात भरायला घेतले आणि पहिल्याच पानावर बेरीज फसली. सगळ्या उमेदवारांच्या मतांची बेरीज यादीतल्या मतदारांपेक्षा जास्त येत होती. छपाईची चूक असेल म्हणून पुढचा मतदारसंघ घेतला, तर तिथेही तेच. पानांचा काही दोष नव्हता. आम्ही आजची निवडणूक डोक्यात ठेवून ऐंशी वर्षांपूर्वीचे आकडे वाचत होतो. एक मतदार, एक मत, एक आमदार हे समीकरण त्या निवडणुकीला लागूच होत नाही. पहिल्या खेपेला काढलेले सगळे टक्के खोडून पुन्हा पहिल्यापासून बसावे लागले. ते काम कसे केले आणि कुठे कुठे अडलो ते पुढे आहे. हाच उद्योग करायला निघालेल्या कुणाचा आठवडाभर वाचला तर बरेच.

आधी काळाची चौकट. प्रांतिक विधानसभांची आधीची निवडणूक १९३६-३७ च्या हिवाळ्यात झाली होती आणि मध्यवर्ती कायदेमंडळाची तर १९३४ मध्ये. मध्ये महायुद्ध आले. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि मुंबईत १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम ९३ खाली गव्हर्नरचा कारभार सुरू झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते अहमदनगरच्या किल्ल्यात गेले, ते १९४५ च्या जूनमध्ये सुटले. सिमल्याची बोलणी जुलैत फिसकटली, त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला, ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली आणि २१ ऑगस्टला व्हाइसरॉय वेव्हेल यांनी निवडणुका जाहीर केल्या. मध्यवर्ती कायदेमंडळाचे मतदान १९४५ च्या अखेरीस आणि प्रांतांचे १९४६ च्या सुरुवातीच्या महिन्यांत झाले. म्हणजे लाल किल्ल्यातला आझाद हिंद सेनेचा खटला आणि १८ फेब्रुवारीला मुंबईत सुरू झालेला नाविकांचा उठाव, दोन्ही या निवडणुकांच्या हंगामातच येतात. सत्तांतराची बोलणी करायला आलेले ब्रिटिश मंत्र्यांचे कॅबिनेट मिशन २४ मार्चला दिल्लीत उतरले. जुने अंक चाळताना या तारखा एका कागदावर लिहून समोर चिकटवून ठेवाव्यात. मध्यवर्तीचे निकाल आणि प्रांताचे निकाल यांची सरमिसळ फार लवकर होते.

नंतर नकाशा. १९४६ चा मुंबई प्रांत म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तक्ता भरताना सगळे विसरतात. गुजरातेतले ब्रिटिश जिल्हे आणि धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवारचा पट्टा हे सगळे या प्रांतात होते. सिंध १९३६ मध्ये वेगळा झालेला होता. नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ मध्य प्रांत-वऱ्हाडात. औरंगाबाद, बीड, नांदेड निजामाकडे, तिथे ही निवडणूकच नाही. कोल्हापूर, सांगली, औंध, भोर ही संस्थाने, तिथेही नाही. गोवा पोर्तुगिजांचा. त्यामुळे ‘महाराष्ट्रात किती मते पडली’ असा प्रश्न घेऊन बसलात तर उत्तर दोन प्रांतांच्या तुकड्यांतून जोडावे लागेल आणि तरी मोठी भोके राहतील. आम्ही तो नाद सोडला आणि मुंबई प्रांत आहे तसाच घेतला. जिल्ह्यांची नावेही जुनी ठेवली: कुलाबा, पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश. कुलाब्याच्या जागी रायगड लिहिले की मूळ पानाशी ताडून पाहताना घोळ होतो.

आता जागा. १९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेला १७५ जागा दिल्या होत्या. सर्वसाधारण ११४, त्यांतल्या १५ अनुसूचित जातींसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव. मागास भागांसाठी १. मुस्लिम २९. अँग्लो-इंडियन २, युरोपियन ३, भारतीय ख्रिस्ती ३. व्यापार-उद्योग ७, जमीनदार २, विद्यापीठ १, कामगार ७. महिलांच्या ६, त्यांत सर्वसाधारण ५ आणि मुस्लिम १. बेरीज करून बघा, १७५ जुळते. जुळली नाही तर राखीव २२ जागा तुम्ही ११४ च्या वर धरल्या असणार. आम्हीही धरल्या होत्या. मराठ्यांच्या ७ राखीव जागा या ‘सर्वसाधारण’च्या पोटातच आहेत. आजच्या वाचकाला ही ओळ सर्वांत जास्त दचकवते, पण ती तरतूद तेव्हाही नवी नव्हती, आधीच्या सुधारणा कायद्यापासून चालत आलेली होती.

मतदार कोण, हा पुढचा अडथळा. प्रौढ मताधिकार नव्हता. एकवीस वर्षे पुरी झालेला आणि कायद्याने सांगितलेल्या कुठल्यातरी निकषात बसणारा माणूस यादीत येई: ठरलेल्या आकारणीच्या जमिनीचा खातेदार किंवा कूळ, ठरलेल्या भाड्याच्या घरात राहणारा, आयकर भरणारा, मॅट्रिक झालेला, निवृत्त सैनिक. बाई यादीत आली तर ती स्वतः साक्षर म्हणून, नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर किंवा पेन्शनर सैनिकाची विधवा वा आई म्हणून. १९३७ मध्ये सगळ्या ब्रिटिश प्रांतांत मिळून सुमारे ३ कोटी मतदार होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत ते १७ कोटींच्या वर गेले. तेव्हा १९४६ चा ‘जनतेचा कौल’ लिहिताना ती जनता सारा भरणारी, भाडे भरणारी किंवा शाळा पास झालेली होती, हे त्याच वाक्यात यायला हवे. गिरणीतला चाळकरी यादीत असेल, पण त्याच्या गावाकडचा भूमिहीन भाऊ बहुधा नसेल.

यादी एक नव्हती, अनेक होत्या. मुसलमान मतदार मुस्लिम मतदारसंघाच्या यादीत, युरोपियन युरोपियनांच्या, ख्रिस्ती ख्रिस्ती मतदारसंघाच्या. त्यांपैकी कुणालाच सर्वसाधारण जागेसाठी मत नव्हते. त्यामुळे एकाच तालुक्याची जमीन दोन-तीन मतदारसंघांत मोजली जाते आणि प्रत्येकातली माणसे वेगळी असतात. उलट व्यापार, जमीनदार आणि विद्यापीठ यांचे मत प्रादेशिक मताच्या वर मिळे. पुण्यातला एखादा पदवीधर इनामदार सर्वसाधारण, विद्यापीठ आणि जमीनदार अशा तिन्ही याद्यांत सापडू शकतो. सगळ्या मतदारसंघांचे मतदार एकत्र करून प्रांताची टक्केवारी काढायची तर हे खास मतदारसंघ बाजूला काढा, नाहीतर हीच माणसे पुन्हा पुन्हा मोजली जातील.

बिनविरोध जागांची गोष्ट साधी आहे, पण तीच पक्षनिहाय टक्केवारी बिघडवते. जिथे उमेदवार बिनविरोध आला तिथे मतांच्या रकान्यात काहीच नसते. पक्षाची जागा धरली जाते, मते शून्य. बलाढ्य पक्षाच्या बिनविरोध जागा जितक्या जास्त, तितकी त्याची मतांची टक्केवारी कागदावर कमी दिसते. यावर औषध नाही. टक्केवारी ‘लढत झालेल्या जागांत’ अशी लिहायची आणि बिनविरोध जागा शेजारी वेगळ्या द्यायच्या.

एवढे झाले तरी मूळ कोडे सुटत नव्हते, मते मतदारांपेक्षा जास्त का? मुंबई प्रांतातले बरेच सर्वसाधारण मतदारसंघ एकाहून जास्त सदस्यांचे होते. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला, आणि ती वाटावी तशी वाटायची मुभा. तीन जागा असल्या तर तिघांना एकेक द्या, एकाला दोन आणि दुसऱ्याला एक द्या किंवा तिन्ही एकाच्याच पदरात घाला. सगळी मते एकाच पेटीत ओतण्याची ही सवलत हाच त्या निवडणुकीचा कणा आहे. नियम वाचून तो कळतो, पण अंगवळणी पडत नाही. म्हणून आम्ही तो मोजून पाहिला.

साहित्य: ३०० चिंचोके, पाच वाट्या, कागदाच्या पट्ट्या. मतदारसंघ तीन जागांचा, त्यातली एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदार १००, प्रत्येकाचे तीन चिंचोके. मोठ्या पक्षाचे तीन उमेदवार: क, ख आणि राखीव जागेचा ग. लहान पक्षाचे दोन: राखीव जागेचा च आणि सर्वसाधारण छ. मोजणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी राखीव वर्गातल्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते, त्याला राखीव जागा. मग उरलेल्या दोन जागा उरलेल्या सगळ्यांत जास्त मते पडलेल्या दोघांना, आणि या दुसऱ्या फेरीत राखीव वर्गातला दुसरा उमेदवारही पात्र असतो.

पहिला डाव. मोठ्या पक्षाचे ७४, लहान पक्षाचे २६ मतदार. चौऱ्याहत्तर जणांनी शिस्तीत एकेक चिंचोका क, ख, ग यांना टाकला. प्रत्येकी ७४. सव्वीस जणांनी तिन्ही च च्या वाटीत टाकले, ७८. राखीव जागा च ची. उरलेल्या दोन जागांना क, ख, ग तिघेही ७४ वर अडकले, म्हणजे चिठ्ठ्या. इथे एक गोष्ट डोळ्यांसमोर दिसते: तीन जागा असल्या की शंभरातले २६ मतदार एकजुटीने एकाच वाटीत ओतत राहिले तर त्यांचा माणूस कुणालाच पाडता येत नाही. पंचवीस असते तर ७५ विरुद्ध ७५. नियम असा: मतदारांना जागांपेक्षा एक जास्त अशा संख्येने भागा आणि त्याहून एक माणूस जास्त हवा.

दुसरा डाव. तेच ७४ आणि २६, पण मोठ्या पक्षात क हा लोकप्रिय पुढारी. चाळीस जणांनी भक्तीने तिन्ही चिंचोके त्यालाच टाकले, १२०. उरलेल्या चौतीस जणांनी नीट एकेक वाटला. क १५४, ख ३४, ग ३४. समोरच्या सव्वीस जणांनी ७८ चिंचोके अर्धे अर्धे केले, च ३९ आणि छ ३९. राखीव जागा च ला, सर्वसाधारण एक क ला, दुसरी छ ला. चौथा हिस्सा मतदारांनी तीनपैकी दोन जागा नेल्या! क ची वाटी इतकी भरली होती की चिंचोके बाहेर सांडत होते आणि त्या सांडलेल्यांचा पक्षाला काडीचा उपयोग नव्हता. म्हणूनच मोठ्या पक्षाला या पद्धतीत नुसती लाट पुरत नसे. कोणत्या गावाने कुणाला किती मते द्यायची ही वाटणी आधी करावी लागे आणि मतदाराने ती पाळावी लागे. लोकप्रिय उमेदवार हाच सहकाऱ्याचा शत्रू होऊन बसे.

तिसरा डाव. आता लहान पक्ष २०, मोठा ८०. वीस जणांनी सगळे च ला दिले, ६०. ऐंशी जणांनी शिस्तीत एकेक वाटला, क ८०, ख ८०, ग ८०. राखीव जागा ग ला. च ला मत देणारे वीसच्या वीस मतदार अनुसूचित जातींचे धरा आणि ग च्या ऐंशींत त्या जातींचा एकही नाही असे धरा, निकाल बदलत नाही. राखीव जागेचा माणूस त्या जातींच्या मतांशिवायही निवडून येऊ शकतो, ही आंबेडकरांची पुणे करारावरची सगळी तक्रार २६ आणि २० यांच्यामधल्या त्या सहा माणसांत मावते.

पुणे कराराचे कलम इथे जोडून वाचावे लागते. सप्टेंबर १९३२ च्या करारानुसार राखीव जागेसाठी आधी प्राथमिक निवडणूक. तिच्यात फक्त अनुसूचित जातींचे मतदार, प्रत्येकाला एकच मत, आणि पहिले चार उमेदवार पुढच्या फेरीत. मग त्या चौघांतून सर्वांच्या संयुक्त यादीने निवड करायची. चारच किंवा त्याहून कमी उमेदवार असतील तर प्राथमिक फेरी होतच नाही. म्हणून तक्त्यात काही राखीव जागांना प्राथमिक निकाल सापडेल, काहींना सापडणार नाही. पान हरवलेय असे समजू नका. दुसरी बारीक खोच: पाच उमेदवार असले तर प्राथमिक फेरीत फक्त शेवटचा गळतो. चौथा आलेला माणूस, आपल्या लोकांत त्याला कितीही थोडी मते असोत, अंतिम फेरीत पहिल्याच्या शेजारी त्याच तोलाने उभा राहतो आणि संयुक्त यादी त्याला निवडून देऊ शकते. तक्त्यात दोन्ही फेऱ्यांचे रकाने शेजारी शेजारी ठेवा. वेगवेगळ्या पानांवर ठेवले तर हे दिसतच नाही.

उलटे उदाहरण १९३७ चे. भायखळा-परळ मतदारसंघात आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि काँग्रेसचे उमेदवार, क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना ११,२२५. हे आकडे नेहमी असे सांगितले जातात की जणू तितकी माणसे त्यांच्या मागे होती. माणसे किती ते या आकड्यावरून कळत नाही. सगळी मते एकाच नावावर टाकणाऱ्यांचे प्रमाण जितके जास्त, तितकी माणसे कमी. आणि तसे टाकणे यात काही लबाडी नव्हती, पद्धतच तशी होती आणि आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने ती ओळखून वापरली.

मतांवरून माणसे काढायचीच असली तर एवढे करता येते: वैध मतांच्या बेरजेला जागांच्या संख्येने भागा. येणारा आकडा मतदान केलेल्यांची किमान संख्या. सगळ्यांनी आपली सगळी मते वापरली असली तरच तो नेमका, आणि एक मत टाकून दोन तशीच सोडणारे नेहमीच असतात. मतदान करणाऱ्यांचा आकडा वेगळा छापलेला मिळाला तर भागाकार करूच नका, तो घ्या.

नावांचा त्रास वेगळाच. इंग्रजी छपाईतली मराठी नावे देवनागरीत आणताना एकाच माणसाचे दोन होतात आणि दोघांचा एक. आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव असे तिन्ही रकाने भरले तरच ताळा बसतो. गुजराती आणि कानडी जिल्ह्यांतली नावे त्या भाषा जाणणाऱ्याकडून वाचून घेतली, नाहीतर आम्ही अर्ध्या कर्नाटकाचे मराठीकरण करून ठेवले असते.

एवढ्या खटाटोपानंतर अंतिम आकडे सुटसुटीत वाटतात. मुंबईत काँग्रेसला १७५ पैकी १२५ जागा, मुस्लिम लीगला ३०, म्हणजे मुस्लिम मतदारसंघांच्या आणि मुस्लिम महिला जागेसह सगळ्याच्या सगळ्या. मध्यवर्ती कायदेमंडळातही तेच चित्र: मुसलमानांच्या ३० च्या ३० जागा लीगकडे. मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसला ११२ पैकी ९२. बाळासाहेब खेर दुसऱ्यांदा मुख्य प्रधान झाले, मोरारजी देसाई गृहमंत्री, अहमदनगरचे कुंदनमल फिरोदिया सभापती. आधीचे सभापती दादासाहेब मावळंकर मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि तिथे अध्यक्षपद ६६ विरुद्ध ६३ अशा तीन मतांनी जिंकले. दक्षिण साताऱ्यातून यशवंतराव चव्हाण पहिल्यांदाच निवडून आले. मुंबईच्या कामगार जागेवरून कॉम्रेड डांगे आले. उरलेल्या जागांत युरोपियन, अँग्लो-इंडियन, व्यापारी मंडळांचे प्रतिनिधी, अपक्ष अशी सगळी फुटकळ भरती.

पण तक्ता इथे थांबवला तर अर्धाच राहतो. या विधानसभेने घटना समितीचे सभासद निवडले, आणि त्यासाठी मोजणीची तिसरी पद्धत वापरली. कॅबिनेट मिशनच्या १६ मे १९४६ च्या योजनेप्रमाणे साधारण दहा लाख लोकवस्तीमागे एक सभासद. मुंबईच्या वाट्याला २१, त्यांत सर्वसाधारण १९ आणि मुस्लिम २. जुलैमध्ये आमदारांनी दोन गटांत वेगवेगळे मतदान केले, प्रत्येकाला एकच मत, पण पसंतीक्रम लावून. मुस्लिम गटात ३० आमदार आणि २ जागा: ३० ला ३ ने भागा, १०, त्यात एक मिळवा, ११ चा कोटा. अकरा पहिल्या पसंत्या मिळाल्या की माणूस आला आणि जास्तीच्या मतांचे मूल्य पुढच्या पसंतीकडे. सर्वसाधारण गटात उरलेले १४५ आमदार आणि १९ जागा. सगळ्यांनी मत दिले असे धरले तर १४५ ला २० ने भागून पूर्णांक ७, त्यात एक, कोटा ८. आठ आमदार हाताशी असले की घटना समितीत एक जागा. हा भागाकार चिंचोक्यांच्या पहिल्या डावातल्या भागाकारासारखाच आहे. फरक एवढाच की इथे जास्तीची मते वाटीबाहेर सांडून फुकट जात नाहीत, दुसऱ्या वाटीत जातात.

आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनजवळ मुंबईत असे आठ आमदार नव्हते. जुलैतच फेडरेशनने पुण्यात विधानसभेच्या अधिवेशनाच्या वेळी पुणे कराराविरुद्ध सत्याग्रह केला, आणि आंबेडकर घटना समितीत गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या खटपटीने. फाळणी ठरल्यावर ती जागा गेली. इकडे बॅरिस्टर जयकरांनी मुंबईची आपली जागा सोडली होती. ३० जून १९४७ ला राजेंद्रप्रसादांनी खेरांना पत्र लिहून आंबेडकरांना लगेच मुंबईतून निवडून पाठवायला सांगितले. जागा एकच असली की याच पद्धतीत कोटा निम्म्याहून एक जास्त होतो. गटाचे १४५ धरले तर ७३. काँग्रेसकडे १२५ होते, आणि जुलैत आंबेडकर मुंबईचे सभासद म्हणून घटना समितीत परतले. आमच्या तक्त्यात ते नाव शेवटच्या ओळीत आहे, पक्षाचा रकाना अजून पेन्सिलीने लिहिलेला.